खेळाचा तास आणि पोरांचा अभ्यास

(गांवच्या शाळेच्या पटांगणांत भरलेल्या पालकसभेपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आजच्या सभेपुढें दोन ठराव आहेत. पहिला असा कीं, शाळेच्या वेळापत्रकांतला खेळाचा तास बंद करून तो शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा अभ्यासाला द्यावा. दुसरा असा कीं, पटांगणाच्या रस्त्याकडच्या बाजूस गांवानें गाळे बांधावेत. भाडें येईल, आणि त्यांतून शाळेचाच फायदा होईल. ठराव मांडणारीं माणसें आपलींच आहेत. पोरांचें वाईट व्हावें असें त्यांच्या मनांत मुळींच नाहीं. तरी मी दोन्ही ठरावांच्या विरुद्ध बोलणार आहें. नोकरमाणसानें गांवाच्या ठरावाआड येऊं नये अशी रीत आहे, ती मला ठाऊक आहे. परंतु ज्यांच्या नांवानें हे ठराव होत आहेत तीं पोरें या सभेंत हात वर करूं शकत नाहींत. त्यांच्या वतीनें कोणीतरी उभें राहिलें पाहिजे.

मघाशीं एक गृहस्थ म्हणाले, "पोर शाळेंत शिकायला धाडलें आहे, खेळायला नव्हे." या बोलण्याला कोणीं हंसूं नये. पिढ्यान् पिढ्या आपल्या घरांत अक्षर येऊं दिलें गेलें नाहीं. ज्या घरांत पुस्तक पहिल्यांदाच आलें, त्या घराला त्याचें एक पानही वाया गेलेलें सोसत नाहीं. दिवसभर ऐरणीवर घण मारून किंवा दुसऱ्याच्या फडांत ऊस तोडून जो बाप पोराला शाळेंत धाडतो, तो घड्याळाकडे पाहणारच. तेव्हां मी त्याला भावनेच्या चार गोष्टी सांगत नाहीं. हिशोब सांगतों. खेळाचा तास काढून अभ्यासाला दिला, तर अभ्यास वाढतो काय? एवढाच सवाल आहे.

हा हिशोब दुसऱ्यांनीं आधींच मांडून पाहिला आहे. कॅनडा देशांत क्वेबेक म्हणून प्रांत आहे. तेथें १९७० ते १९७७ या सालांत ५४६ प्राथमिक शाळेच्या मुलांवर एक प्रयोग झाला. एक शाळा त्रुआ-रिव्हिएर या शहरांतली होती व दुसरी खेड्याकडची होती. कांहीं वर्गांना रोज पुरा एक तास व्यायाम व खेळ दिला. त्यांच्या मागच्या-पुढच्या सालच्या वर्गांना पूर्वीसारखाच, म्हणजे आठवड्यांतून अवघीं ४० मिनिटें. खेळाचा तास आकाशांतून पडत नाहीं. तो भाषा-गणिताच्या वेळांतूनच काढावा लागला, आणि अभ्यासाचा वेळ सुमारें १३-१४ टक्के कमी झाला. तुमच्याआमच्या हिशोबानें हीं पोरें मागें पडायला हवीं होतीं. पहिल्या इयत्तेंत तीं थोडीं मागें होतींही. पण दुसरीपासून पुढें त्यांचे गुण इतरांच्या बरोबरीनें किंवा वरचढ राहिले. शंभर मिनिटांतलीं तेरा-चौदा मिनिटें काढून घेतलीं आणि पीक घटलें नाहीं, उलट वाढलें. शेतकऱ्याला हें उमजायला जड जाऊं नये. दाट पेरलें म्हणजे रास मोठी होते, असें कोणी कुणबी म्हणणार नाहीं.

एका प्रयोगावर विसंबूं नये हेंही खरें. अमेरिकेच्या सरकारी रोगप्रतिबंधक केंद्रानें २०१० सालीं अशा सर्व शोधांचा एकत्र आढावा घेतला. शाळेंतला खेळ-व्यायाम एकीकडे व मुलांचें शिक्षण दुसरीकडे, अशा एकूण २५१ तुलना त्यांनीं तपासल्या. निम्म्याहून किंचित जास्त ठिकाणीं खेळाबरोबर गुण किंवा वर्गांतलें लक्ष वाढलेलें दिसलें. जवळजवळ निम्म्या ठिकाणीं कांहींच फरक दिसला नाहीं. आणि तोटा दिसला तो शंभरांत दीड ठिकाणीं. मी तुम्हांला फसवूं इच्छीत नाहीं. खेळला कीं पोर हुशार झालेंच, असा ताईत माझ्याजवळ नाहीं. परंतु ज्या सौद्यांत निम्म्या वेळां नफा, निम्म्या वेळां मुद्दल सलामत आणि तोटा नांवापुरता, असा सौदा बाजारांत कोणी सोडतो काय?

आतां असें कां होतें तें पाहूं. खेळून आलेलें पोर वर्गांत बसूं शकतें. बसणें ही शिकायची गोष्ट आहे. सात-आठ वर्षांच्या पोराला सकाळपासून दुपारपर्यंत पाटीपुढें बसविलें, तर त्याचें अंग बसतें आणि मन खिडकींतून बाहेर जातें. अमेरिकेंतच इलिनॉय येथें २००९ सालीं नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वीस मिनिटें भरभर चालायला लावून मग परीक्षा घेतली. बसून राहिलेल्या दिवसापेक्षां चालून आलेल्या दिवशीं त्यांचें लक्ष जास्त टिकलें आणि वाचलेलें जास्त समजलें. अवघीं वीस मुलें होतीं, प्रयोग लहानच. पण वीस मिनिटें चालण्याला पैसा लागत नाहीं, आणि आपल्याला यंत्रावरही चालायचें नाहीं.

याहून मोठी गोष्ट खेळाच्या नियमांत आहे. आपला खो-खो घ्या. आठजण ओळींत एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मधली रेघ ओलांडतां येत नाहीं, एकदां धरलेली दिशा सोडून माघारी फिरतां येत नाहीं. पळणारा डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर असतो, आणि तरी पाय आवरावा लागतो, कारण रेघ आडवी आहे. बसलेल्यानें "खो" मिळेपर्यंत उठायचें नाहीं, आणि मिळाल्यावर क्षणभरही बसायचें नाहीं. हें जें पाय आवरणें आहे, तेंच गणितांत लागतें. उदाहरण पुरें वाचण्याआधीं उत्तर ओरडायचें नाहीं, हातचा विसरायचा नाहीं, एक रीत चालली नाहीं तर दुसरी धरायची. मनाला असा लगाम घालतां येणें यावर हल्लीं मोठमोठे पंडित ग्रंथ लिहीत आहेत. आपल्या पोरांना तो लगाम मातींतच मिळत होता आणि आपण म्हणत होतों, पोर उनाड झालें.

विटीदांडूचें तर सांगायलाच नको. वकट, लेंड, मुंड, नाल असें पोरें मोजतात; हे तेलुगूंतले एक, दोन, तीन, चार आहेत. कधीं कोण्या काळीं ते आपल्या पोरांच्या तोंडीं येऊन बसले. विटी किती दांडू लांब पडली याचा अदमास घेणें, मागितलेले दांडू खरे भरतात कीं नाहीं हें मोजून पाहणें, यांत लांबी, गुणाकार आणि प्रामाणिकपणा तिन्हीं आलीं. मी दुसरीच्या वर्गाला पाढे पटांगणांत म्हणायला लावतों. तीन चोक म्हटलें कीं बारा उड्या. उडी चुकली कीं पाढा चुकला हें पोराला आपोआप कळतें. नेदरलंड देशांत अशाच तऱ्हेनें दोन वर्षें गणित व भाषा हालचालींसकट शिकवून पाहिली. दुसरी-तिसरीच्या मुलांचें गणित आणि शुद्धलेखन इतरांपेक्षां सुमारें चार महिन्यांनीं पुढें गेलें. वाचनांत मात्र फरक पडला नाहीं. वाचनाला वाचनच लागतें, हेंही मी तितक्याच मोकळेपणानें सांगतों.

आणखी एक गोष्ट मध्येंच सांगून टाकतों, कारण ती फळ्याशीं संबंधित आहे. चीनमध्यें ग्वांगझाऊ शहरांत बारा शाळांवर प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१५ सालीं छापला गेला. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटें जास्तीचीं घराबाहेर, उजेडांत काढायला लावलीं. तीन वर्षांनीं जवळची दृष्टि, म्हणजे लांबचें अंधुक दिसण्याचा दोष, त्यांच्यांत शंभरांत तिसांना लागला, तर इतर शाळांत शंभरांत एकोणचाळीस-चाळीसांना. ज्याला फळा दिसत नाहीं त्याला शिष्यवृत्ती काय मिळणार? आपल्या घरांतही आतां मोबाईल आला आहे. पोर ओसरीच्या कोपऱ्यांत बसून त्यावर क्रिकेट खेळतें आणि आई समजते, पोर घरांतच आहे, बरें आहे.

आतां दुसरा आक्षेप. "मास्तर, आमचें पोर म्हशीमागें पळतेंच कीं! त्याला आणखी खेळ कशाला?" हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, कारण त्यांत खरेपणा आहे. आपल्या पोरांच्या अंगाला कष्ट कमी नाहींत. पण कष्ट आणि खेळ एक नव्हेत. म्हशीमागें पळणारें पोर दुसऱ्याच्या सांगण्यावरून पळतें; म्हैस चुकली तर मार बसतो. खेळांत पोर आपण होऊन नियम मानतें, हरतें, रडतें, पुन्हा उभें राहतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच गड्याच्या गळ्यांत हात घालतें. कष्टानें अंग दमतें, खेळानें अंग आणि मन दोन्ही मोकळीं होतात. चारा वाहून आलेलें पोर दुसऱ्या तासाला डुलक्या घेतें. आठवड्यांतून निदान पांच-सहा पोरांना मी तोंडावर पाणी मारायला धाडतों. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं ठाणें जिल्ह्यांत (२०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यांत आहे) कोसबाडला वारली पोरांसाठीं काम केलें, तेव्हां त्यांनाही हाच अडसर आला. पोरें गुरें राखायला जात, शाळेंत येत ना. मग त्या बायांनीं शाळाच कुरणांत नेली. कुरणशाळा म्हणून ती प्रसिद्ध आहे. त्यांनीं आईबापांना दोष दिला नाहीं. पण गुरें राखणें हेंच शिक्षण, असेंही म्हटलें नाहीं.

मायबहिणींनो, आतां तुम्हांला बोलतों. खेळाच्या तासाला मुली कडेला उभ्या राहतात. कोणाच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. कोणी म्हणते, "गुरुजी, आई ओरडेल, कपडे मळतील." चौथीपर्यंत पळणारी पोरगी पांचवींत आली कीं भिंतीला टेकते. तुमच्यापैकीं पुष्कळ जणी लहानपणीं झिम्मा-फुगडींत, सागरगोट्यांत तरबेज होत्या, हें मला तुमच्याच सासवांनीं सांगितलें आहे. मग लेकीचा खेळ दहाव्या वर्षीं कां संपावा? साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यांतल्या मोही गांवची ललिता बाबर ही शेतकऱ्याची लेक. २०१६ सालीं ब्राझिलांत रिओच्या ऑलिंपिकमध्यें तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतींत ती अंतिम फेरींत धांवली आणि दहावी आली. तुमच्या पोरीनें ऑलिंपिकला जावें असें माझें म्हणणें नाहीं. तिनें फळ्यापुढें येऊन, न लाजतां, मोठ्यानें उत्तर द्यावें एवढेंच माझें म्हणणें आहे. आणि माझा अनुभव असा कीं, जी पोरगी मैदानावर "खो" असा मोठ्यानें आवाज देते, तिचाच आवाज वर्गांत निघतो.

खेळ म्हणजे तालुक्याची ढाल, अशी एक समजूत आहे, तिच्याविरुद्धही मला बोललें पाहिजे. निवडक बारा पोरें घ्यायचीं, तीं महिना-महिना वर्गाबाहेर ठेवायचीं, आणि बाकीच्यांनीं टाळ्या वाजवायच्या. अशानें बारांचा अभ्यास बुडतो आणि बाकीच्यांचा खेळ. वर जे फायदे मीं सांगितले ते रोज थोडें थोडें खेळणाऱ्या सगळ्या मुलांचे आहेत, ढालीचे नव्हेत. लठ्ठ पोर, लंगडणारें पोर, चष्म्यावालें पोर, ज्याला कोणी गडी म्हणून घेत नाहीं तें पोर, या सगळ्यांना जागा असेल तरच तो शाळेचा खेळ. तसेंच जत्रेंत रात्रीं दोन-दोन वाजेपर्यंत बक्षिसाच्या कबड्डीला पोरें बसवून सकाळीं "अभ्यास कां होत नाहीं" म्हणून मास्तराला विचारूं नये. आणि उपाशी पोटीं खेळ नको. शाळेंत दुपारचें अन्न मिळतें. पहिली ते पांचवीच्या पोराला त्यांतून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनें मिळावींत असा सरकारी नियम आहे. पण सकाळीं नुसता चहा पिऊन आलेलें पोर दहा वाजतां पळतांना धापा टाकतें. अर्धी भाकरी द्या, कालची असली तरी चालेल. नेहमींच धाप लागत असेल तर त्याला आळशी म्हणूं नका, आरोग्य केंद्रांत रक्त तपासून घ्या.

अंगमेहनत करणारा आणि पुस्तक वाचणारा हीं दोन माणसें वेगळीं, त्यांची जातही वेगळी, ही समजूत ज्यांनीं घातली त्यांचें त्यांत हित होतें. आपण ती कां बाळगावी? जोतीराव फुले लहूजी वस्तादांच्या तालमींत दांडपट्टा शिकले आणि त्यांनींच १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. शाहू महाराजांनीं कोल्हापुरांत खासबागेचें कुस्तीचें मैदान बांधलें, तें १९१२ सालीं पुरें झालें. आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढणारेही तेच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे पैलवानाच्या घरचे, पण कोल्हापुरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हां त्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनीं कुस्तींत कांस्यपदक आणलें, स्वतंत्र हिंदुस्थानाला एकट्यानें मिळविलेलें तें पहिलें पदक. प्राचार्यानें घर गहाण टाकलें. आपण पटांगण भाड्यानें द्यायला निघालों आहोंत.

गाळ्यांचें भाडें किती येईल तें मी मघां ऐकलें. आंकडा वाईट नाहीं. पण २००९ सालीं बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शाळेला जीं किमान साधनें असलींच पाहिजेत त्यांच्या यादींत खेळाचें मैदान आहे आणि वर्गासाठीं खेळाचें सामानही आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट राहते. गाळा एकदां बांधला कीं पुन्हा मैदान होत नाहीं. गांवांत गायरान किती होतें आणि आतां किती राहिलें, तें म्हाताऱ्या माणसांना विचारा. ज्याच्या घरामागें वावर आहे त्याचें पोर कुठेंही खेळेल. पण ज्याला हातभरही जमीन नाहीं, त्या लोहाराच्या, परटाच्या, ऊसतोड्याच्या पोरानें कुठें पळावें? या गांवांत त्याच्या हक्काची मोकळी जमीन एवढीच आहे.

शिष्यवृत्तीच्या जादा तासाबद्दल. तो मला हवा आहे. तो मी सकाळीं शाळेआधीं पाऊण तास घेईन. मी गांवांतच राहतों, मला अडचण नाहीं. त्याबद्दल वेगळें कांहीं नको. फक्त पोरें त्या वेळेला डेअरीवर दूध घालायला धाडूं नका, एवढें घरोघर ठरवा. खेळाचा तास मात्र आहे तेथें, आहे तेवढा राहूं द्या, आणि तो पहिली ते पांचवी सगळ्या पोरांचा असूं द्या.

माझें मागणें थोडें आहे. सुतारमंडळींनीं खो-खोचे दोन खांब करून द्यावेत, जमिनीवर चार फूट राहतील आणि खालीं पुरेसे पुरतां येतील असे, टोकें गोल घांसलेलीं, म्हणजे पोरांना लागणार नाहींत. बाभळीच्या फांद्या निघतील तेव्हां विटीदांडू करतां येतील, त्यासाठीं चिरून द्यायचीही गरज नाहीं, मोठीं पोरें आपण तासतील. शिंपीदादांनीं चिंध्यांचे चार चेंडू शिवावेत, लगोरीला ते रबरी चेंडूपेक्षां बरे. गवंड्यांनीं सात चपटे दगड. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनीं पावसाळ्याआधीं एक फेरी मारून पूर्वेकडचा उंचवटा काढावा. तेथें दगड वर आले आहेत आणि गेल्या पावसाळ्यांत दोन पोरांचे गुडघे फुटले. बायामाणसांपैकीं दोघी-तिघींनीं आठवड्यांतून एकदां खेळाच्या तासाला येऊन बसावें. आई समोर असली कीं मुली पळतात.

ठरावावर मत घ्यायच्या आधीं अध्यक्षांनीं मला आणखी एक मिनिट द्यावें. शनिवारीं सकाळीं साडेसात वाजतां मी चुन्याची पिशवी आणि दोरी घेऊन येथें मैदान आंखणार आहें. ज्यांना गाळे हवे आहेत त्यांनींही यावें, दोरीचें दुसरें टोक धरायला माणूस लागतोच.